बसव्वाच्या छातीचा फोटो

कळंब्याच्या तलावाकडं जाणाऱ्या रस्त्याला बसव्वाचा डंक आहे. डंक म्हणजे चटणी कुटायची गिरणी. खाली लोखंडी उखळं आणि वर मोटारीवर उचलून आपटणारी मुसळं. पत्ता विचारत बसायचं काम नाही. रस्त्यानं सरळ चालत यायचं आणि जिथं पहिली शिंक येईल तिथं उजवीकडं बघायचं. निळ्या पत्र्याची शेड, दारात धण्याची पोती, आणि आत मुसळांच्या धडधडीवर चढून ऐकू येणारा एकच आवाज:

"ए बाई, देठं काढून आणायला काय झालतं? माझ्या मुसळाला चारा घालतीस व्हय?"

हा आवाज बसव्वाचा.

वय सत्तरीकडं झुकलेलं, अंगानं उसाच्या कांड्यासारखी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि डोळे असे, की ब्याडगी मिरचीत कुणी चार संकेश्वरी मिसळल्या तर दारातूनच ओळखील. माहेर कर्नाटकाच्या सीमेजवळच्या नेसरीचं. रागावली की बोलण्यात कानडी हेल चढतो आणि खूश झाली की निव्वळ कोल्हापुरी. त्यामुळं ती काय म्हणतेय हे कळायच्या आधीच ती कशी आहे हे गिऱ्हाइकाला कळतं, आणि ही मोठी सोय आहे.

तिचे मालक गेले तेव्हा समाचाराला आलेल्या चार शहाण्यांनी सल्ला दिला, की मोटारीचं काम बाईमाणसाला झेपायचं नाही, डंक काढून टाका. बसव्वानं त्यांना चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी चौघं आत बसून एक पायली मिरची कुटून दावा. मग काढतो मी डंक." मुसळ सुरू झालं. पहिला शहाणा बाहेर पळाला, दुसरा त्याला बघायला म्हणून गेला, तिसऱ्याला फोन आला. चौथा राहिला तो डोळ्यांना काही दिसत नव्हतं म्हणून; दार कुठं आहे ते त्याला बसव्वानंच दाखवलं.

आणि तो पैलवान! लाल मातीत कुणापुढं पाठ न टेकलेला गडी, आईची मिरची घेऊन आला आणि ऐटीत उखळाशेजारीच बसला. मिरचीची खाट उठून नाकाडोळ्यांत गेली. गडी असा ढसाढसा रडत बाहेर आला, की समोरच्या दुकानातल्या बायका त्याला पाणी द्यायला धावल्या आणि कोण गेलं म्हणून विचारायला लागल्या.

तर अशा बाईला खोकला झाला.

आता डंकावरच्या बाईला खोकला झाला, यात बातमी ती काय? तिथं येणारा प्रत्येकजण खोकत येतो आणि शिंकत जातो. तिथली मांजरसुद्धा खोकते. त्यामुळं बसव्वाचा खोकला कुणी धरलाच नाही. तिनं तर नाहीच नाही. चोळ्या सैल व्हायला लागल्या तेव्हा ती शिंप्याशी भांडली. संध्याकाळी अंग तापायला लागलं तेव्हा म्हणाली, भट्टीशेजारी मिरच्या भाजतोय, अंग काय गार राहणार व्हय?

पण तिचा मुलगा सोमशेखर बघत होता. सोमशेखर गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर. स्वभावानं बापावर गेलेला, म्हणजे मऊ. आई अर्धी भाकरी ताटात सोडून उठते, जिना चढताना ती कठड्याला धरून उगाच खालच्या कुत्र्याला शिव्या देत थांबते, हे त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं. एक दिवस त्यानं जीव घट्ट केला.

"अव्वा, छातीचा फोटो काढायचा."

"लगीन हाय व्हय माझं, फोटो काढायला?"

"फोटोत काय निघालं तर डंकाला कुलूप. तू घरात बसायचं."

बसव्वानं कमरेवर हात ठेवले. "आनि न्हाय निघालं तर?"

"तर डंक बंद कर म्हणून मी परत कधी म्हणणार न्हाय."

"शपथ?"

"शपथ."

"चल," बसव्वा म्हणाली. ऐन हंगाम होता, दारात मिरच्यांच्या पिशव्यांची रांग होती. एका फोटोवर हे जन्माचं टुमणं मिटणार असेल तर तिला हवंच होतं. त्या डंकावर तिनं मालकांची जागा घेतली होती. त्या आवाजात तिला झोप यायची आणि तो बंद झाला की जाग यायची. घरात बसून भिंतीवरचं घड्याळ बघणं म्हणजे तिच्या हिशोबी जिवंतपणी समाधीत बसणं.

शहरातल्या एका सेंटरमध्ये ते गेले. काचेआडून एक आवाज म्हणाला, "गळ्यातलं, कानातलं, अंगावरच्या सगळ्या वस्तू काढून ठेवा." बसव्वानं बोरमाळ काढली, कुड्या काढल्या, पदराची पिनसुद्धा काढली. दवाखान्याचा झगा घातला. आवाज म्हणाला, "श्वास घ्या, धरा, सोडा." झालं.

संध्याकाळी कागद हातात आला. सोमशेखरनं तो वाचला आणि जिन्यातच खाली बसला. डाव्या फुफ्फुसात गोल, ठळक सावली. गाठ असण्याची शक्यता. पुढील तपासणी करावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी डंकाला कुलूप लागलं.

सोमशेखरनं त्या फोटोचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, आणि तिथून पुढं सगळं घराणं डॉक्टर झालं. कुणी दोन बोटांनी मोठा करून बघितला, कुणी मोबाइल आडवा धरला. नेसरीहून बसव्वाचा धाकटा भाऊ चनबसाप्पा पहिली एसटी धरून आला. तो नोकरीत असताना गुरांच्या दवाखान्यात शिपाई होता, त्यामुळं वैद्यकीय बाबतीत घराण्यात त्याचा शब्द शेवटचा. त्यानं मूळ फिल्म मागवली, खिडकीत उजेडाकडं धरली आणि बराच वेळ मान हलवली.

"लिंबाएवढी हाय," तो हळू आवाजात म्हणाला. "काळजाला लागून."

"मामा, उलटी धरलीया तुमी," सोमशेखर म्हणाला.

चनबसाप्पानं सुलट केली. परत मान हलवली. "तरीबी हायच."

घरात माणसं जमली. सगळी कुजबुजत बोलायला लागली. कुणी बसव्वाच्या पाठीखाली उशी सारली, कुणी तिच्यासाठी मऊ भात करा म्हणालं. भावजय तिच्याकडं अशी बघत होती, जसं पाहुणं गाडीत बसल्यावर आपण दारातून बघतो. बसव्वानं तासभर सोसलं. मग उशी भिंतीवर फेकली.

"मी अजून मेलो न्हाय! बोलायचं तर मोठ्यांदा बोला, न्हायतर आपापल्या घरला जावा. चन्या, तुझ्या म्हशीला काय झालं की तू असाच तोंड पाडून बसतोस. तीन वर्सामागं मरणार म्हणालतास ती म्हस आता दोनदा याली!"

भात मात्र झाला होता. तो चनबसाप्पानंच खाल्ला.

चार दिवसांनी सोमशेखर तिला छातीच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टर सुष्मिता म्हणून बाई. वयानं सोमशेखरहून लहान, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. तिनं जुनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि जवळ जाऊन निरखली.

"हा ठिपका फार गोल आहे," ती शेवटी म्हणाली.

"म्हंजे वाईट?" सोमशेखरचा आवाज फुटला.

"म्हणजे फार गोल. कंपासनं काढल्यासारखा. आज्जी, फोटो काढताना गळ्यात काही वस्तू राहिली होती?"

"काय न्हाय."

"चेन, ताईत, बटण?"

"सगळं काढलतं की. पिनबी काढली."

"बरं. एक बाजूनं फोटो काढू." आणि सोमशेखरचा चेहरा बघून तिनं समजावलं, "असं बघा. तुम्ही एसटीत बसलाय. खिडकीच्या काचेवर माशी बसलीय आणि लांब रानात म्हैस चरतेय. समोरून बघितलं तर दोन्ही एकाच जागी दिसतात. माशी रानात आहे की काचेवर, हे बाजूला सरकून बघितल्याशिवाय कळत नाही. छातीच्या फोटोचं तसंच आहे. पुढचं, आतलं, पाठीमागचं, सगळं एकावर एक पडतं."

"माझ्या छातीत म्हस हाय म्हणताय व्हय?" बसव्वानं विचारलं.

"ते आत्ता कळेल."

एक्स-रेच्या खोलीत प्रसेनजीत नावाचा टेक्निशियन होता. त्यानंही विचारलं, अंगावर काही वस्तू आहे का, आणि बसव्वानं त्यालाही तितक्याच ठामपणे सांगितलं, की काही नाही. हात वर करून, कुशीवरून फोटो झाला. संगणकावर चित्र उमटलं आणि प्रसेनजीतनं डॉक्टरांना हाक मारली. दोघं पडद्यासमोर उभी राहिली. छातीचं हाड दिसत होतं, त्याच्यापुढं कातडीची रेघ दिसत होती, आणि त्या रेघेच्याही पुढं, चक्क अंगाबाहेर, तो गोल ठिपका लोंबत होता.

डॉक्टर बाहेर आली. "आज्जी, छातीवर काय आहे तुमच्या?"

"छातीवर? लिंग हाय."

बसव्वानं झग्याच्या आतून दोरा वर ओढला. पांढऱ्या कापडात घट्ट बांधलेलं इष्टलिंग होतं ते. काळ्या दगडाचं, सुपारीहून मोठं, लिंगायतांच्या दीक्षेच्या दिवशी गळ्यात आलेलं आणि त्या दिवसापासून अंगावरून न उतरलेलं. चांदीच्या डबीत ठेवलं असतं तर पहिल्याच फोटोत लख्ख उमटून ओळखू आलं असतं. पण बसव्वा जुन्या वळणाची, तिला कापडच बरं वाटायचं. डाव्या अंगाला सरकलेल्या नुसत्या दगडाची सावली पडली ती हुबेहूब गाठीसारखी.

"तुम्ही तर म्हणालात काही नाही!" डॉक्टर म्हणाली.

"तुमी वस्तू इचारली."

"मग हे?"

"ही वस्तू न्हवं. आता तुमाला नाक हाय. अंगावर काय वस्तू हाय म्हणून कुणी इचारलं तर तुमी नाक सांगताय व्हय?"

प्रसेनजीत तोंड फिरवून हसायला लागला. सोमशेखरला हसावं की रडावं कळेना. तो नुसताच "अव्वा, अव्वा" करत राहिला.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाली. "आता हे काढा, नीट फोटो घेऊ आणि मोकळे होऊ."

आणि तिथं गाडं अडलं.

"काढणार न्हाय."

"एक मिनिटाचं काम आहे."

"एक मिनिट न्हाय आनि अर्धं न्हाय. ह्ये अंगावरनं निघतं ते एकदाच, आनि तवा मला कुणी फोटो काढा म्हणून सांगायला येणार न्हाय. तवाबी ह्ये माझ्यासंगंच जातंय."

"अव्वा, ऐक की," सोमशेखर काकुळतीला आला. "देव काय रागावतोय व्हय एका मिनिटानं?"

"तो न्हाय रागावत. मी रागावतो!"

"आज्जी," डॉक्टरचाही पारा चढला, "त्या ठिपक्यामागं जेवढं फुफ्फुस झाकलंय तेवढं मला दिसत नाही. तिथं काही असेल तर मी सांगू शकणार नाही. चालेल?"

"चालंल. काय असंल ते ऱ्हाईल तिथं. चल सोम्या."

बसव्वा उठली, दारापर्यंत गेली, आणि तिला ढास लागली. साधा ठसका नव्हे. भिंतीला धरून, वाकून, डोळ्यांतून पाणी काढणारी. सोमशेखर धावला, तिनं त्याचा हात झटकला. आसपास मिरचीचं एक बी नव्हतं. दवाखान्यात फिनेलचा वास येत होता.

ढास थांबल्यावर डॉक्टरनं पाण्याचा पेला पुढं केला आणि वेगळ्याच सुरात विचारलं, "आज्जी, पूजा कशी करता ह्याची?"

"तुमाला काय करायचंय?"

"सांगा तर."

"सकाळी अंघुळ करून. विभूती लावून. डाव्या तळहातावर घेतो, पाणी घालतो, बेल वाहतो." बसव्वानं डावा तळहात पुढं करून दाखवला.

"तळहातावर? म्हणजे गळ्यातून निघतं की."

"निघतंय कुठलं? हातावर येतंय. अंगावरच असतंय की ते."

"मग हातावरच घ्या," डॉक्टर म्हणाली. "मुठीत धरा. मूठ कमरेवर ठेवा. तुमच्या अंगावरून हलणार नाही आणि माझ्या फोटोत येणार नाही."

बसव्वानं डॉक्टरकडं बघितलं, स्वतःच्या तळहाताकडं बघितलं. मग म्हणाली, "ह्ये आदी का न्हाय सुचलं तुमाला?"

"तुम्ही आधी सांगितलंत कुठं?"

"तेबी खरंच," बसव्वा म्हणाली. आणि ती एवढ्या चटकन कबूल झाली, हे बघून सोमशेखर खुर्चीवर बसला.

प्रसेनजीतनं हात धुवायला बेसिन दाखवलं. "आज्जी, मी पाठ फिरवतो. झालं की हाक मारा."

बसव्वाला ते आवडलं. "कुणाचा रं तू?"

"कळंब्याचाच. जयसिंग कांबळ्यांचा. माझी आई मीनाबाई, तुमच्याकडंच चटणी कुटती."

"मीनाबाईचा व्हय तू! मग आदी सांगायचं न्हाय? तुझी आई लसूण कमी घालती. मी दरसाल सांगतो, ऐकत न्हाय. हट्टी हाय."

"व्हय आज्जी," प्रसेनजीत भिंतीकडं तोंड करून म्हणाला. "तुमच्याबद्दल बी ती हेच म्हणती."

फोटो झाला. पडद्यावर चित्र आलं आणि सोमशेखरनं ओरडून प्रसेनजीतच्या पाठीत थाप मारली. ठिपका नव्हता! डावं फुफ्फुस वरपासून खालपर्यंत स्वच्छ, धुतलेल्या पाटीसारखं. बसव्वानं लिंग गळ्यात घेतलं, बोरमाळ चढवली आणि पदर खोचला.

"कुलूप काढ डंकाचं. आनि चन्याला फोन लाव. म्हणावं लिंबू सापडलं."

"बसा," डॉक्टर म्हणाली. "मी अजून फोटो बघितलेला नाही."

"आता काय बघायचं ऱ्हायलंय?"

"सगळंच."

फोटो वाचायची तिची एक रीत होती. वरून सुरू करायचं. गळ्याखालच्या हाडांच्या मागं आधी बघायचं, कारण तिथं सावल्या लपतात. मग डावं-उजवं जोडीनं ताडून बघत खाली यायचं, मग काळीज, मग कडा. आणि ठळक काही दिसलंच, तर ते बाजूला ठेवून उरलेला फोटो नव्यानं वाचायचा. मिरवणुकीत हत्ती आला की सगळी माणसं हत्तीच बघतात. पाकीटमार काय करतोय तिकडं कोण बघतंय? पहिल्या सेंटरात तेच झालं होतं. तो गोल ठिपका बघणाऱ्याच्या डोळ्यांत भरला आणि नजर तिथंच बसली.

डॉक्टरचं बोट पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात थांबलं. उजवी बाजू. गळ्याखालच्या हाडाच्या मागं फिकट, विरलेल्या धुरासारखं काहीतरी, आणि त्या धुरात एक लहानशी पोकळी. तिनं पहिली फिल्म परत पेटीवर लावली. तिथंही ते होतं.

"मला टीबीची शंका येतेय," ती म्हणाली.

बसव्वाचा आवाज चढला. "एक गेलं तर दुसरं काढलं? भाजीची पाटी हाय व्हय ही? वांगं नको तर दोडका घ्या? तिकडं डाव्या अंगाला गाठ, हिकडं उजव्या अंगाला टीबी! उद्या तिसरीकडं जातो, तिथं बरगडीत नारळ घावंल!"

"फोटोवरून शंकाच घेता येते. पक्कं बेडका तपासल्यावर. खोकला कधीपासून आहे?"

"डंक चालू झाल्यापासनं. मिरचीचा हाय."

"डंक कधी चालू होतो?"

"संक्रांतीनंतर."

"आणि दिवाळीत? तेव्हा खोकला नव्हता?"

बसव्वाला करंज्या आठवल्या. दिवाळीत डंक बंद होता. मोटारीचा पट्टासुद्धा काढून ठेवला होता. आणि फराळाच्या करंज्या लाटताना तिला अशी ढास लागली होती, की सुनेनं पोळपाट ओढून घेतला होता. तेव्हाही ती म्हणाली होती, मिरचीचा ठसका. घरात मिरची नव्हती. मिरची नसतानाचा तो खोकला तिनं स्वतःच मिरचीच्या माथी मारला होता, आणि सगळ्यांनी मान डोलावली होती.

"दावा मला," ती म्हणाली.

डॉक्टरनं पडदा तिच्याकडं वळवला. बसव्वानं नाक जवळजवळ काचेला लावलं. बघितलं, मागं सरून बघितलं, डोळे बारीक करून बघितलं.

"मला तर काय दिसंना."

"मला तरी ब्याडगीत मिसळलेली दुसरी मिरची कुठं दिसते?" डॉक्टर म्हणाली.

बसव्वानं तिच्याकडं तिरक्या नजरेनं बघितलं. ही पोरगी आपल्याशी बरोबरीनं बोलतेय, घाबरतही नाही आणि लाडेलाडेही बोलत नाही, हे तिला कुठंतरी बरं वाटलं असावं. "कशात थुकायचंय ते द्या," ती म्हणाली.

बेडक्याचा निकाल आला. टीबीच होता.

डॉक्टरनं सगळं सांगितलं. औषध सरकारातून मिळतं, महिनोन् महिने घ्यायचं, बरं वाटलं म्हणून मधेच सोडायचं नाही. पूर्ण घेतलं तर माणूस बरा होतो. लघवी केशरी होईल, घाबरायचं नाही. घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्यायचं. चटणीतून, भांड्यातून हा आजार जात नाही. खोकल्यातून, हवेतून जातो. म्हणून मी सांगेपर्यंत बंद जागेत चारचौघांत बसायचं नाही, तोंडाला मास्क, आणि उघड्या हवेत राहायचं.

परतीच्या वाटेवर रिक्षात सोमशेखर म्हणाला, "अव्वा, फोटोत निघालं. शपथ झालीया."

"झालीया," बसव्वा म्हणाली. "हरलो मी. कुलूप घाल."

सोमशेखरनं सुस्कारा सोडला.

"पण कुलूप मला घाल, डंकाला न्हाय. डाक्टरीण काय म्हणाली? चटणीतनं जात न्हाय. मग चटणीला कशाची शिक्षा? मी भाईर बसतो. तू रजा काढ आनि मुसळावर बस."

"मी? मला ते जमतंय व्हय!"

"तुझ्या बापालाबी जमत नव्हतं. मीच शिकिवलं."

सोमशेखर हळूच म्हणाला, "बरं. पर लोकास्नी टीबी म्हणून सांगायचं न्हाय. मिरचीचा ठसका म्हणू. न्हायतर एक गिऱ्हाईक ऱ्हाणार न्हाय."

बसव्वानं रिक्षा थांबवायला लावली. रिक्षावाला वळून बघायला लागला.

"मिरचीचा ठसका म्हणूनच हितवर आलोय आपण. आता परत त्येच म्हणायचं? खोटं सांगून चटणी इकायची, माझ्या डंकावर? मी चोरी केलीया व्हय? कुणाचं काय खाल्लंय? आजार हाय, झालाय, जाईल. मान खाली घालून बसायला मी काय कुणाचं घर फोडलं न्हाय!"

"बरोबर हाय आक्का," रिक्षावाला म्हणाला.

"तू रिक्षा चालीव."

दुसऱ्या दिवशी कुलूप निघालं. बसव्वानं रस्त्यापलीकडं, लिंबाच्या झाडाखाली, मोकळ्या वाऱ्यात प्लास्टिकची खुर्ची टाकली. मास्क लावला, त्यावरून पदर घेतला, आणि दोन्ही डोळे डंकावर रोखले. मोटार सुरू झाली. गिऱ्हाईक जमलं. तिनं वाट बघितली. रांग चांगली दारापर्यंत आली, तेव्हा ती उभी राहिली आणि रस्त्याच्या ह्या बाजूनं, मास्कच्या आतून, मुसळांवर चढणाऱ्या त्याच आवाजात ओरडली:

"बायांनो, ऐका! मला टीबी झालाय! औषध चालू हाय! चटणीतनं लागत न्हाय, खोकल्यातनं लागतोय, म्हणून मी हितं बसलोय! कुटायची त्यानं कुटा, न्हाय त्यानं पिशवी उचला. मागनं कुजबुजायचं न्हाय!"

मोटार सोडून सगळं थांबलं. सोमशेखरचं तोंड त्या उखळातल्या मिरचीपेक्षा लाल झालं. रांगेतून मागच्या गल्लीतल्या आक्का बाहेर आल्या, आपली पिशवी उचलली आणि झपाझप निघाल्या.

"न्हे की आक्का, न्हे!" बसव्वा म्हणाली. "पर जाता जाता दवाखान्यात छातीचा फोटो काढून घे. गेल्या महिन्यात माझ्या मांडीला मांडी लावून तासभर बसलीस, च्या पिलास. माझी चटणी सोडलीस म्हणून सुटशील व्हय? खोकतीस की मघापासनं."

आक्का थांबल्या. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "कुठल्या दवाखान्यात?" त्यांनी रागानंच विचारलं.

"सोम्या पत्ता दील. आनि जाताना गळ्यातलं सगळं काढून ठेव."

कुणीतरी हसलं. आणखी दोन पिशव्या उचलल्या गेल्या. त्या मात्र परत आल्या नाहीत. बसव्वानं त्या जाताना बघितल्या, खुर्चीचा हात घट्ट धरला. मग रांग पुढं सरकली, कारण मीनाबाई पुढं आली होती. प्रसेनजीतची आई. तिनं आपली मिरची, धणे, खोबरं, लसूण सगळं उखळापाशी ओतलं आणि पदर नाकाला लावून बाजूला उभी राहिली.

मुसळ पडत राहिलं. सोमशेखर घामानं भिजला, शिंकला, डोळे पुसायला गेला आणि मिरचीचाच हात डोळ्यांना लावून घेतला. पलीकडून सूचना येतच होत्या. "खालनं वर कर! खोबरं मागनं टाक! मागनं म्हणालो की रं!" बऱ्याच वेळानं त्यानं मोटार थांबवली, चिमूटभर चटणी मीनाबाईच्या तळहातावर ठेवली आणि विचारलं, "बघा मावशी, झाली न्हवं?"

मीनाबाईनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती तशीच तळहात पुढं धरून रस्ता ओलांडून आली. लिंबाच्या झाडापासून चार हात लांब थांबली आणि हात उन्हात लांब केला.

बसव्वानं खुर्चीत पुढं वाकून, डोळे बारीक करून, त्या चिमटीकडं बघितलं.

"जाड हाय," ती म्हणाली. "परत टाक म्हणावं. आनि लसूण ह्या सालालाबी कमीच."